अंजिराचे पोटीस

पप्पांच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या थोडे खाली, काळपुळी झाली तेव्हा पहिले चार दिवस त्यांनी ती कुणालाच दाखवली नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, घामोळे असेल असे त्यांना वाटले. मग साधे गळू असेल असे वाटले. पाचव्या दिवशी सदरा पाठीला चिकटून बसला तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मधुमेह अठरा वर्षांचा जुना. एकाच जागी पाचसहा तोंडे असलेला तो तांबडा, दगडासारखा कडक, हात लावू न देणारा भाग पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी चिरा देऊन पू काढला, गोळ्यांच्या जोडीला इन्सुलिन सुरू केले आणि आठवड्याने घरी सोडताना मला समोर बसवून सांगितले, की आता खरे काम तुमचे आहे. रोज सकाळी जखम सलाइनने धुवायची, ओले गॉज आतपर्यंत भरायचे, वरून कोरडी पट्टी लावायची आणि साखर तपासून वहीत लिहायची. हे सात आठवडे चालले.

त्या सात आठवड्यांत आमच्या मंडळीतली बहुतेक माणसे येऊन गेली. पाळकसाहेब दर बुधवारी येत, स्तोत्र वाचत, तेल लावून प्रार्थना करत आणि निघताना मला न चुकता साखरेचा आकडा विचारत. त्याच दिवसांत एक गृहस्थ आले. ते कुठल्या सभेचे होते हे सांगण्याने काही साधणार नाही. ते मनापासून आले होते, गुडघे टेकून त्यांनी कळकळीने प्रार्थना केली, आणि उठताना टेबलावरची इन्सुलिनची पेटी पाहून म्हणाले, "दादा, एकदा प्रभूच्या हाती दिले म्हणजे दिले. मग ही सुई कशासाठी? हा तर अविश्वास झाला." मला काय बोलावे ते सुचेना. पप्पा पालथे पडले होते, त्यांनी मान वळवून मला सांगितले, "बाळ, दुसरे राजे काढ. विसावा अध्याय." मी बायबलातले ते पुस्तक उघडून वाचू लागले. सातवे वचन झाल्यावर त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "ते पुन्हा वाच." दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर ते काहीच बोलले नाहीत. त्या गृहस्थांनीही काही विचारले नाही. चहा घेऊन ते गेले.

त्या वचनात आहे ते इतकेच: यशया म्हणाला, अंजिरांची ढेप आणा, त्यांनी ती आणून गळवावर ठेवली, आणि तो बरा झाला.

हा 'तो' म्हणजे यहूदाचा राजा हिज्कीया. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस तो यरुशलेमेत राज्य करत होता. तो मरणाच्या दारी टेकला होता, आणि यशया संदेष्ट्याने येऊन त्याला घराची निरवानिरव करायला सांगितले होते. हिज्कीयाने भिंतीकडे तोंड फिरवले आणि तो मोठ्याने रडला. यशया अजून वाड्याच्या मधल्या चौकातून बाहेरही पडला नव्हता, तोच परमेश्वराने त्याला माघारी धाडले: राजाला सांग, मी तुझी प्रार्थना ऐकली आहे, तुझे अश्रू पाहिले आहेत, तिसऱ्या दिवशी तू मंदिरात जाशील, तुझ्या आयुष्याला मी पंधरा वर्षे जोडतो. या वचनानंतर लगेच अंजिरे येतात. त्याच्याही पुढे राजा खूण मागतो, आणि अहाजाच्या पायऱ्यांवरची सावली दहा पायऱ्या मागे सरते. एका बाजूला आयुष्य वाढवून देणारा देवाचा शब्द, दुसऱ्या बाजूला मागे फिरलेली सावली, आणि या दोन अफाट गोष्टींच्या मध्ये एका गळवावर बांधलेले पोटीस.

लहानपणी मी हा अध्याय वाचताना पोटिसाची ओळ नजरेखालून घालून सावलीकडे धाव घेत असे. आजी मात्र त्या ओळीवर थांबायची, कारण आमच्या घरात गळू झाले की पोटीस तीच बांधत असे. जवस कुटायचे, थोड्या पाण्यात चिकट होईपर्यंत शिजवायचे, स्वच्छ फडक्यावर पसरायचे, आपल्या मनगटाला लावून सोसवते का ते पाहायचे आणि मग गळवावर बांधायचे. यशयाला हे ठाऊक होते, याचा तिला फार आनंद वाटायचा.

यशयालाच नव्हे, ते त्या काळात पुष्कळांना ठाऊक होते. हिज्कीयाच्या कित्येक शतके आधीच्या, सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित नगरात आजारी घोड्यांवर करायच्या उपचारांचे मातीच्या पाट्यांवर लिहिलेले मजकूर सापडले आहेत, आणि त्यांत जुन्या अंजिरांच्या ढेपेचा उल्लेख आहे. ख्रिस्तानंतरच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी यानेही अंजिराचे औषधी उपयोग लिहून ठेवले, त्यांत गळवे आहेतच. म्हणजे देवाने राजाला बरे करण्यासाठी स्वर्गातून कुणी न पाहिलेली वनस्पती पाठवली नाही. राजवाड्याच्या कोठारात जी ढेप खाण्यासाठी ठेवलेली असणार, जिचे औषध कुठल्याही म्हाताऱ्या दाईने सांगितले असते, तीच आणायला सांगितली.

पट्टी बदलताना हात कामात असतात आणि मन मोकळे असते. त्या सात आठवड्यांत हे वचन माझ्या मनात घोळत राहिले, आणि दोन गोष्टी मला पूर्वी कधी दिसल्या नव्हत्या त्या दिसल्या.

पहिली गोष्ट क्रमाची. वचन आधी येते आणि अंजिरे मागाहून येतात. 'मी तुला बरे करतो' असे देव बोलून चुकला आहे. यशयाला त्या शब्दाचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने हाताशी असावे तसे औषधही मागवले, असे शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठेही सुचवलेले नाही. उलट ज्या तोंडाने त्याने देवाचा निरोप सांगितला, त्याच तोंडाने अंजिरे मागवली. त्याच्या लेखी ते दोन निरोप नव्हतेच. औषध घेणे म्हणजे देवावरचा विश्वास थोडा कमी करून तो डॉक्टरवर ठेवणे, असा जो हिशेब आमच्याकडे आलेल्या त्या गृहस्थांनी मांडला, तो हिशेब या अध्यायाला माहीतच नाही.

दुसरी गोष्ट क्रियापदाची आहे, आणि माझ्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. 'त्यांनी' ती आणून गळवावर ठेवली. हे 'त्यांनी' म्हणजे कोण? नाव नाही, हुद्दा नाही. कोठारात गेलेला एखादा चाकर असेल, ढेप पाण्यात भिजवून मऊ करणारी एखादी दासी असेल, आणि राजाच्या पुवाळलेल्या अंगाला हात लावायला न कचरलेला कुणी असेल. देवाने नुसत्या शब्दाने बरे केले असते तर त्या खोलीत देव आणि राजा असे दोघेच उरले असते. अंजिरे मागवली, म्हणून ही बिननावाची माणसे बरे करण्याच्या कामात आत आली. माझ्या हातात गॉजचा चिमटा असताना मला हे उमगले, आणि खरे सांगते, त्या दिवशी मी पट्टी लावताना रडले.

अर्थात साधनाची दुसरी बाजूही शास्त्राला पुरती ठाऊक आहे, आणि हिज्कीयाला ती सर्वांत अधिक ठाऊक होती. रानात इस्राएल लोकांना साप चावले तेव्हा मोशेने देवाच्या सांगण्यावरून पितळेचा साप खांबावर लावला होता, आणि त्याच्याकडे पाहणारा वाचत असे. तो साप पुढे कित्येक पिढ्या जपून ठेवला गेला. लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले. हिज्कीयाने गादीवर आल्यावर तो फोडून टाकला. त्याला नहुश्तान म्हणत. 'नुसते पितळ' असा अर्थ त्या नावात ऐकू येतो. देवाने दिलेल्या, एके काळी खरोखर गुण आलेल्या साधनाचेही लोक दैवत करतात, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आणि स्वतःच्या हुकमाने मोडून काढले, त्याच माणसाने आपल्या दुखण्यात अंजिरांची ढेप मुकाट्याने लावून घेतली. पितळेला नमायचे नाही आणि अंजीर नाकारायचे नाही, हे दोन्ही एकाच राजाच्या चरित्रात आहे. हिज्कीयाच्या आधी होऊन गेलेल्या यहूदाच्या आसा राजाविषयी इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिले आहे, की पायांच्या भारी दुखण्यात त्याने परमेश्वराचा धावा न करता वैद्यांचाच आश्रय घेतला. हे वचन आम्हाला औषधांच्या विरुद्ध अनेकदा ऐकवले जाते. परंतु तेथे दोष दिला आहे तो देवाकडे पाठ फिरवण्याला. आसाने प्रार्थना करून वैद्याला बोलावले असते तर इतिहासकाराने ते नावे ठेवण्यासाठी लिहून ठेवले असते, असे मला वाटत नाही.

याच विसाव्या अध्यायाच्या शेवटी, राजाच्या मृत्यूच्या आधी, एक कोरडी नोंद आहे: त्याने तळे आणि पाट बांधून नगरात पाणी आणले. तो बोगदा आजही यरुशलेमेत आहे, आणि बहुतेक अभ्यासक तो हिज्कीयाचाच मानतात. गीहोन झऱ्यापासून सुमारे ५३३ मीटर खडकातून तो नागमोडी जातो. दोन्ही टोकांकडून खोदत आलेल्या माणसांनी एकमेकांच्या हाका ऐकल्या आणि टिकावाला टिकाव भिडला, असे सांगणारा शिलालेख १८८० साली त्या बोगद्याच्या भिंतीवर सापडला. ते पाणी शिलोह नावाच्या तळ्याकडे वाहते. या शिलोहाशी माझी ओळख योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायाने फार आधी झाली होती. ते पाणी त्याच राजाच्या बोगद्यातून येते हे मात्र मला कित्येक वर्षे उमगले नव्हते, आणि ज्या दिवशी उमगले त्या दिवशी मी दोन्ही पाने समोरासमोर ठेवून बराच वेळ बसले होते.

योहानात जन्मापासून आंधळा असलेला एक मनुष्य आहे. शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणतो, कुणाचेच नाही. मग तो जमिनीवर थुंकतो, मातीचा चिखल करतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि म्हणतो, जा, शिलोह तळ्यात धू. ज्याने इतरत्र नुसत्या शब्दाने बरे केले, दूरच्या गावातल्या आजाऱ्यालाही शब्दावर उठवले, त्याने इथे थुंकी आणि माती का वापरली, याची उत्तरे पुष्कळ दिली जातात. मला त्या उत्तरांपेक्षा तो मनुष्य अधिक खिळवून ठेवतो. त्याच्या डोळ्यांवर आता आंधळेपणाच्या वर चिखलही आहे. यरुशलेमेच्या गल्ल्यांतून, चाचपडत, खालच्या अंगाला असलेल्या तळ्यापर्यंत त्याला जायचे आहे. लोक पाहत असणार. ज्याने चिखल लावला तो बरोबर नाही. डोळे अजून उघडलेले नाहीत. एक पाऊल टाकायचे, मग दुसरे. विश्वास हा शब्द त्या संपूर्ण चालण्यात एकदाही येत नाही, तरी त्या अध्यायात विश्वास पाहायचा असेल तर तो मला त्या चालण्यातच दिसतो. तो धुऊन आला तेव्हा त्याला दिसत होते, आणि येशू तेथे नव्हता. ज्याने आपल्याला बरे केले त्याचा चेहरा त्याने नंतर, यहूदी सभास्थानाबाहेर घालवले गेल्यावर पाहिला.

सन २००४ मध्ये यरुशलेमेत सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असताना त्या काळच्या शिलोह तळ्याच्या पायऱ्या उघड्या पडल्या. त्यांची छायाचित्रे मी पप्पांना मोबाइलवर मोठी करून दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि विचारले, "खाली उतरताना धरायला काही होते का?"

नामानाची गोष्ट रविवारच्या शाळेत सर्वांत लाडकी असते, त्यामुळे ती आपण लहान मुलांची मानतो. अरामाच्या राजाचा हा सेनापती दहा किक्कार रुपे, सहा हजार शेकेल सोने आणि दहा पोशाख घेऊन इस्राएलात आला. त्याच्या रोगाला मराठी शास्त्रात आपण कोड किंवा कुष्ठरोग म्हणतो. मूळ इब्री शब्दात त्वचेचे अनेक विकार येतात, आणि आजचा कुष्ठरोग तोच होता असे म्हणता येत नाही. संदेष्टा अलीशा दारात येत नाही, निरोप्याकडून सांगतो: यार्देनेत सात वेळा स्नान कर. नामान संतापतो. त्याला वाटले होते, संदेष्टा बाहेर येईल, उभा राहील, देवाचे नाव घेईल, रोगाच्या जागेवरून हात फिरवील. आणि नदीच हवी तर दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अबाना आणि परपर काय वाईट होत्या? त्याचा राग पाण्यावर नव्हता, पाण्याच्या साधेपणावर होता. त्याला ताळ्यावर आणतात ते त्याचे चाकर: बापा, संदेष्ट्याने काही अवघड सांगितले असते तर आपण केले नसते काय?

या गोष्टीला सुरुवात होते ती पकडून आणलेल्या एका लहान मुलीपासून. आपल्याला घरादारापासून तोडणाऱ्या मालकाच्या बायकोला ती सांगते, की शोमरोनात एक संदेष्टा आहे. शेवटी नामानाची कांती 'लहान मुलासारखी' झाली असे लिहिले आहे, आणि इब्रीत त्या मुलीचे वर्णन आणि या कांतीचे वर्णन जवळजवळ एकाच शब्दांत आहे. सेनापती बरा होताना त्या पोरीसारखा लहान झाला. इथेही पुन्हा दासी आणि चाकर आहेत, राजवाड्यात अंजिरे आणणारे होते तसेच.

यार्देनेचा विचार करताना मला तमिळनाडूतले वेल्लोरचे ख्रिस्ती रुग्णालय आठवते. शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड तेथे १९४६ साली आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोग खाऊन टाकतो ही समजूत त्यांनी खोडून काढली: रोगाने संवेदना जाते, वेदना कळत नाही, म्हणून भाजते, कापते, जखम चिघळते आणि बोटे झडत जातात. याचा अर्थ रोज कुणीतरी हातापायांकडे पाहिले, तर ती वाचवता येतात. आजही बधिर झालेल्या पायांसाठी रुग्णांना शिकवतात ते असे: रोज पाय पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, कडक कातडी हलकेच घासा, ओलसर असतानाच तेल लावा, जखम नाही ना ते पाहा. गोळ्यांनी जंतू मरतात, पण पाय वाचतो तो या पाण्याने, रोज, वर्षानुवर्षे. आपल्याकडे मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय सुरू केले. त्या परंपरेत शस्त्रक्रियेच्या आधी प्रार्थना होत असे आणि प्रार्थनेनंतर हात साबणाने घासून धुतले जात. त्या डॉक्टरांना या दोन कृतींत भांडण दिसले नाही.

भांडण लावल्याने काय होते ते आमच्या घराने पाहिले आहे. माझी आत्या एका सभेला गेली होती, तेथे तिच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, आणि 'तू बरी झालीस, आता गोळ्या घेणे म्हणजे देवाला खोटे पाडणे' असे तिला सांगण्यात आले. तिने गोळ्या सोडल्या. तिचा विश्वास आमच्या कुणाहीपेक्षा मोठा होता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते. पाच महिन्यांनी तिचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की माझ्या विश्वासात काय कमी पडले? या प्रश्नाचे ओझे ज्यांनी तिच्यावर टाकले त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्या रागासाठी मी प्रार्थना करते. पण तिला मी तेव्हा जे सांगायला हवे होते ते मला सुचले नाही, आणि ते दुःख रागापेक्षा जुने होत चालले आहे.

तिला मी प्रेषित पौलाविषयी सांगायला हवे होते. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर ठेवले तर ते बरे होत, त्याच पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिले, की तुझ्या पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा. त्याने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी असा मागे ठेवला, आणि हे लिहिताना त्याने त्रफिमाच्या विश्वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. आणि त्याच्या अखेरच्या दिवसांत जो एकटा त्याच्याजवळ राहिला होता तो लूक, ज्याला त्याने 'प्रिय वैद्य' म्हटले आहे. मार्क लिहितो, की रक्तस्रावाने पीडित स्त्रीने बऱ्याच वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसले आणि सारे धन घालवले. शास्त्र वैद्यांची भलावण करत नाही. तरी त्याच शास्त्रातला तिसरा शुभवर्तमानकार वैद्य आहे, आणि जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट फक्त तोच सांगतो.

हिज्कीयाही अखेर मेला. पंधरा वर्षे संपली. अंजिरांनी मरण टळले नाही, लांबले. आणि देवाने त्याला खोटी आशा दाखवलीही नव्हती, आकडा आधीच सांगितला होता. पप्पांच्या वहीतले आकडे मी आजही लिहिते. जखम सातव्या आठवड्यात भरली. आता तेथे रुपयाएवढा, गुलाबी, सुरकुतलेला व्रण आहे. कातडी कोरडी पडू नये म्हणून डॉक्टरांनी रोज खोबरेल तेल लावायला सांगितले आहे, ते मी संध्याकाळी लावते, आणि पप्पांची संध्याकाळची प्रार्थनाही त्याच वेळी होते, कारण दोन्हीसाठी ते खाटेच्या कडेला बसतात. काल ते म्हणत होते, "हे दयाळू पित्या, आजच्या दिवसाबद्दल, या घराबद्दल, तुझ्या अपार कृपेबद्दल — जरा डावीकडे, बाळ, हां, तेथेच — आम्ही तुझे उपकार मानतो."